मापाबाहेरचे गड्डे

अन्नरक्षण विद्यार्थी मंडळाची स्थापना ज्या सभेत झाली, त्या सभेत अन्नाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सभेच्या अखेरीस चहाबरोबर बिस्किटे आली, तेव्हा त्यांच्याविषयी बरेच बोलणे झाले. तत्पूर्वीचा सारा वेळ शब्दांच्या शुद्धीकरणात गेला. ‘उरलेले अन्न’ हा प्रयोग अन्नाचा अवमान करणारा आहे, हे चिटणीस झालेल्या मुलीने निदर्शनास आणले. ‘शिल्लक’ म्हटले की बँक आठवते, म्हणून तोही शब्द गळाला. शेवटी ‘प्रतीक्षेतील अन्न’ या शब्दयोजनेवर सर्वांचे एकमत झाले. भुकेल्या माणसाला भुकेला म्हणणे तर फारच उघडेवाघडे वाटत होते. त्याचे ‘भोजनापासून तूर्त अंतरलेला नागरिक’ असे नामकरण करून सभा टाळ्यांच्या गजरात विसर्जित झाली.

या थोर कार्याचे बीज मात्र सभेत पडलेले नव्हते. ते पडले होते नगराच्या कडेला, कालव्याच्या पलीकडे, कोबीच्या एका शेतात. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी त्या शेताच्या मालकाची पुतणी होती आणि शिक्षणासाठी त्याच्याच घरी राहत होती. काका मोजके बोलत, आणि बोलले की तो विषय संपला असे घरात सर्वांनी मानावे अशी त्यांची बोलण्याची धाटणी होती. पीक निघाल्यावर एके सकाळी पुतणी बांधावर गेली, तेव्हा व्यापाऱ्याचा ट्रक भरून गेला होता आणि शेतात ओळीच्या ओळी गड्डे तसेच उभे होते. हिरवे, घट्ट, दवाने न्हालेले, आणि एकेक असा की कडेवर घ्यावा.

“काका, हे सगळं असंच नांगरणार?”

“मग काय, त्यांना निरोपसमारंभ करू?”

“पण चांगले आहेत की.”

“चांगलेच आहेत. मोठे झालेत. पेटीचं झाकण लागत नाही.”

“म्हणून फेकायचे?”

“फेकतोय कुठे? मातीत घालतोय. मातीला पेटी लागत नाही.”

व्यापाऱ्याची पेटी ठरावीक मापाची असे. तिच्यात दोन थरांत सारखे गड्डे बसत, वर झाकण ठोकले जाई, आणि दुकानात ते रांगेने, जुळ्या भावंडांसारखे मांडले जात. ज्या गड्ड्याने सूर्यप्रकाश अंमळ अधिक मनावर घेतला, त्याला त्या पंक्तीत स्थान नव्हते. काकांना यात राग येण्यासारखे काही वाटत नसे. ऊन कडक असते, पाणी वाहते आणि व्यापारी माप बघतो, ही त्यांच्या लेखी एकाच जातीची सत्ये होती.

पुतणी मात्र हट्टाला पेटली. आगाराच्या मागे, जुन्या तिकीटघराच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी फुकट जेवण मिळे; तिथे ती कांदे चिरायला जात असे. त्या खोल्यांतली रांग तिने पाहिली होती आणि आता या ओळी पाहिल्या होत्या. दोन्ही एकमेकींपासून पायी चालत जाण्याइतक्याच अंतरावर होत्या, आणि कधीही भेटत नव्हत्या. तिने काकांच्या मागे असा लकडा लावला की अखेर एका रात्री जेवताना त्यांनी हात धुण्याआधीच निकाल दिला.

“शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. रविवारी सकाळी नांगर. कांद्याची रोपं वाफ्यात माना टाकायला लागलीत. तुझी फौज आली तर आली. नाही आली, तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. ना यंदा, ना पुढच्या हंगामात.”

“येतील काका. मंडळ आहे आमचं.”

“मंडळ आहे ना? मग मला काळजीच वाटतेय.”

ही आनंदाची वार्ता तिने तिकीटघरातल्या मावशींना सांगितली. मावशी म्हणजे त्या स्वयंपाकघराचा आधारस्तंभ. देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भरभक्कम. ज्याला ‘अहो’ म्हणायचे त्यालाही त्या ‘अरे’ म्हणत, आणि कोणाला त्याचे वाईट वाटत नसे.

“शनिवारी बाजारातला भाजीवाला उरलंसुरलं देतो,” मावशी पातेले घासता घासता म्हणाल्या, “त्याला मी सांगून टाकलं, या वेळी वृद्धाश्रमात दे. आमच्याकडे कोबी येतोय. तू शब्द दिलास म्हणून हं.”

“दिलाय मावशी.”

“नुसता भात वाढला तर लोक काही बोलत नाहीत गं. मुकाट्याने खातात आणि ताट धुऊन जातात. तेच मला बघवत नाही.”

अशा रीतीने एका मुलीच्या शब्दावर एका बाजूने शेत थांबले आणि दुसऱ्या बाजूने चूल. मधला सारा भाग मंडळाच्या हाती होता.

मंडळाचा अध्यक्ष सडपातळ, तेजस्वी आणि वक्तृत्वाची पारितोषिके मिळवलेला तरुण होता. तो सद्हेतूचा माणूस होता, यात शंका घेणे पाप होईल. हेतूच्या बाबतीत तो कधीही कमी पडला नाही. ज्या सायंकाळी पुतणी मावशींकडे कांदे चिरत होती, त्याच सायंकाळी त्याने तातडीची सभा घेऊन एक मोठा प्रश्न सोडवला होता. गड्डे नेणार कशातून? ‘प्रतीक्षेतील अन्न सन्मानपूर्वक वेष्टित स्वरूपात पोहोचवावे’ असा ठरावच होता. तेव्हा नगरातल्या एका मोठ्या भाजीव्यापाऱ्याने उदार अंतःकरणाने कोऱ्या पेट्या देऊ केल्या. त्याची अट एवढीच होती, की झाकणावरचे त्याचे चिन्ह छायाचित्रात स्पष्ट दिसावे. अध्यक्षाने त्याचे आभार मानताना डोळे पुसले, असे उपस्थित सांगतात.

शनिवारी बस निघायला सकाळ टळून गेली. महाविद्यालयाच्या दारात एक छायाचित्र झाले, मग बसपाशी एक, मग बसच्या चालकासह एक. चालकाने डोळे मिटले म्हणून ते पुन्हा. शेतात उतरल्यावर अध्यक्षाने बांधावर उभे राहून बीजभाषण केले. त्यात त्याने भूमीला माता म्हटले, कोबीला बंधू म्हटले आणि भोजनापासून तूर्त अंतरलेल्या नागरिकांना आवाहन केले की त्यांनी धीर धरावा. ते नागरिक तिथे नसल्यामुळे आवाहन कोबीनेच ऐकले. काका ट्रॅक्टरच्या आसनावर बसून हे सारे पाहत होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे त्यावरून काही कळत नव्हते.

पुतणीने मात्र मघापासूनच कापायला सुरुवात केली होती. पहिले गड्डे छातीशी धरून ती बसपाशी आली, आणि पेट्यांची चळत पाहून जागीच थबकली.

“या पेट्या कुठून आणल्या?”

“देणगी,” अध्यक्ष म्हणाला. “कोऱ्या आहेत. वास घे हवा तर.”

“अरे, हा तर काकांचा व्यापारी.”

“मग तर दुधात साखर. घरचाच माणूस.”

“त्यानेच हे गड्डे नाकारलेत.”

“त्यांचं हृदयपरिवर्तन झालं असेल.”

“हृदयाचं सोड रे. या पेटीत बसत नाहीत म्हणून नाकारलेत. याच पेटीत.”

हे वाक्य समजून घेण्यास मंडळाला थोडा अवधी लागला. शास्त्राचा नियम असा की प्रत्यक्षाला प्रमाण मानावे. त्यानुसार गड्डे पेटीत रचून पाहण्यात आले. खालचा थर कसाबसा मावला. वरचा थर काठाच्या बराच वर राहिला आणि झाकण त्यांच्या माथ्यावर टोपीसारखे डोलू लागले. व्यायामशाळेत जाणारा एक स्वयंसेवक झाकणावर बसला. तेव्हा झाकण लवले, पेटीची कूस फुगली आणि खिळा सुटून कुठेतरी पाचोळ्यात गेला. तो शोधण्यात आणखी काही वेळ गेला, कारण शेतात खिळा टाकून जाणे हे मंडळाच्या पर्यावरणविषयक धोरणाविरुद्ध होते.

मग बांधावर सभा बसली.

“अर्धे कापून घालू या ना,” कोणीतरी म्हणाले.

“कापलेलं द्यायचं? उष्टं दिल्यासारखं वाटेल त्यांना.”

“झाकण नको लावायला.”

“चिन्ह झाकणावरच आहे. फोटो बंद पेट्यांचा ठरलाय.”

“पोत्यांत भरा की,” पुतणी म्हणाली. “काकांकडे ढीगभर पोती आहेत.”

“पोती?” चिटणीस मुलीने मान वर केली. ती तर्कशास्त्राची विद्यार्थिनी होती आणि सभेचा शब्द न शब्द टिपून घेत होती. “ठरावात ‘सन्मानपूर्वक वेष्टित’ आहे. पोतं म्हणजे वेष्टन झालं, पण सन्मान कुठाय?”

“ठराव बदला.”

“त्याला पूर्वसूचना लागते.”

“अगं, सूर्य मावळला की संपलं सगळं. काका नांगर घालणार आहेत. तिकडे मावशींनी चूल माझ्या भरवशावर ठेवलीये.”

अध्यक्षाने तिच्याकडे करुणेने पाहिले. “तुझी कळकळ आम्ही समजतो. पण समतेचा विचार कर. एका कुटुंबाला एवढा गड्डा, दुसऱ्याला तेवढा. हा अन्याय आपण आपल्या हातांनी करायचा?”

“मावशी सगळे एकाच पातेल्यात शिजवतात.”

“ते पुढचं. आपली जबाबदारी पातेल्याच्या अलीकडची.”

दीर्घ विचारविनिमयानंतर जो निर्णय झाला, तो तर्काच्या दृष्टीने निर्दोष होता. पेटीत जे बसतील तेच गड्डे ‘पात्र’ समजावेत. जे बसणार नाहीत त्यांचा विषय आजच्या उपक्रमाच्या कक्षेबाहेर आहे. त्याप्रमाणे सारे स्वयंसेवक शेतभर पसरले आणि पेटीत बसणारे गड्डे शोधू लागले. शेतातून असे गड्डे वेचून व्यापाऱ्याच्या ट्रकने केव्हाच नेले होते. तरीही तरुणाईच्या चिकाटीला यश आले. पाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी पोहोचले नव्हते, तिथे काही खुरटलेले, मुठीएवढे गड्डे सापडले. एकेक सापडला की आनंदाची आरोळी उठे. ते पेट्यांत घातले, खाली कागदाचे बोळे घालून उंची वाढवली, झाकणे ठोकली आणि चिन्ह पुढे करून पेट्या बसच्या पायरीवर मांडल्या. छायाचित्र अप्रतिम आले. चिटणीसने तिथल्या तिथे वृत्तान्ताचा पहिला परिच्छेद लिहून वाचून दाखवला. त्यात म्हटले होते, की शेतातील सर्व पात्र गड्डे शंभर टक्के वाचवण्यात मंडळाला यश आले आहे.

त्यानंतर भोजन झाले. स्वयंसेवकांसाठी जेवणाचे डबे अंमळ सढळ हाताने मागवले होते. काहींना त्यातली भाजी रुचली नाही, काहींचे उपवासाचे पथ्य होते, काहींनी घरून आणले होते; तेव्हा अर्धवट खाल्लेल्या आणि मुळीच न उघडलेल्या डब्यांचा एक ढीग बांधाच्या कोपऱ्यात तयार झाला. काका ट्रॅक्टरवरून उतरले, ढिगापाशी आले आणि त्यांनी एक डबा पायाने हलकेच सरळ केला.

“हे कुठल्या समितीकडे?”

“कचरा व्यवस्थापन,” अध्यक्षाने नम्रपणे सांगितले. “ते आमचं नाही. ते वेगळं मंडळ आहे.”

“बरं,” काका म्हणाले, आणि पुन्हा आपल्या आसनावर जाऊन बसले. पुतणीला त्या ‘बरं’चा अर्थ पुरता ठाऊक होता. पुढच्या हंगामाचे दार त्या एका शब्दात निम्मे लागले होते.

तिने सूर्याकडे पाहिले. तो कालव्यावरच्या झाडांकडे कलला होता. एकटीने दिवसभरात कापलेले गड्डे एका बाजूला रचलेले होते, आणि त्यांच्यापुढे न कापलेले शेत अथांग दिसत होते. तिने मावशींना फोन लावला.

“मावशी, कोबी आहे. भरपूर आहे. पण शेतातच आहे. माणसं नाहीत.”

“बसभर पोरं गेली ना?”

“ती आहेत.”

“मग? ऊन लागलं का त्यांना?”

“नाही. सभा चाललीये.”

पलीकडे पातेले खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कालव्याच्या पुलावरून सरळच ना गं?”

“हो.”

“थांब तिथंच.”

तिकीटघराच्या कट्ट्यावर दुपारपासूनच माणसे येऊन बसत. दिवसाचा उरलेला भाग सरकवण्यास दुसरी जागा नसे. मावशींनी त्यांच्यापुढे उभे राहून काय सांगितले ते कळत नाही. पण ते भाषण फार लहान असावे, कारण थोड्याच वेळात पुलावरून एक अपूर्व मिरवणूक उतरताना दिसली. पुढे मावशी, कडेवर घमेले आणि घमेल्यात सुऱ्या. त्यांच्यामागे सुईत दोरा ओवता येईनासा झाल्यामुळे बसून राहिलेले एक म्हातारे शिंपी. रात्रपाळी सुटलेला एक पहारेकरी, ज्याला आता दिवसा झोप येत नसे आणि रात्री काम नसे. बाबागाडी ढकलणारी एक आई. गाडीतले मूल तिने कडेवर घेतले होते आणि गाडी रिकामी ठेवली होती. आणखीही कितीतरी होते. कोणाकडे चादरी होत्या, कोणाकडे पोती, आणि एकाने तर खिडकीचा पडदाच काढून आणला होता.

अध्यक्ष पुढे धावला. या प्रसंगाची तरतूद कोणत्याच ठरावात नव्हती.

“थांबा, थांबा. आपण इथे येणं अपेक्षित नाही. देणारा आणि घेणारा एका जागी आले की घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो.”

शिंपी आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले, विशेषतः खांद्याची शिवण.

“प्रतिष्ठा होय? ती घडी घालून घरी ठेवलीय, साहेब. चुरगळेल म्हणून आणली नाही.”

चिटणीस मदतीला आली. “आजोबा, आमचं म्हणणं असं आहे, की भोजनापासून तूर्त अंतरलेल्या नागरिकांना...”

“कोणाला?”

“म्हणजे... तुम्हाला.”

आजोबा मावशींकडे वळले. “ही पोरगी मला काय म्हणतेय हो?”

“भूक लागलीय का, असं विचारतेय.”

“मग तसं विचार की, बाळ. लागलीय.”

 तर्कशास्त्रात या उत्तराला खंडन नव्हते. मावशींनी चिटणीस मुलीच्या हातात सुरी दिली. ती त्यांनी सर्वांनाच दिली होती, चेहरा न पाहता; तिने ती घेतली, आणि मग आपल्या हाती काय आले आहे हे पाहिले. हातातला कागद कुठे ठेवावा हे तिला सुचेना. शेवटी तिने तो पेटीवर ठेवला आणि त्यावर एक ढेकूळ ठेवले.

“आधी गड्डा वाकव, मग देठ काप,” पुतणी म्हणाली.

“कुठल्या बाजूला?”

“कुठल्याही. तो तक्रार करत नाही.”

उरलेल्या मंडळाची मात्र अडचण झाली. बस वेळेत परत न्यायची होती. पात्र गड्ड्यांच्या पेट्या सभागृहात कुलूपबंद ठेवायच्या होत्या, कारण सोमवारी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे समारंभपूर्वक हस्तांतरण होणार होते. अध्यक्षाने जड अंतःकरणाने सर्वांचा निरोप घेतला. बसमधून त्याने बराच वेळ हात हलवला. शेतातून कोणी हलवला नाही. सर्वांचे हात गुंतलेले होते.

मावशींना मोठे गड्डे विशेष भावले. प्रत्येक उचलताना त्या त्याला काहीतरी बोलत, जसे पाहुण्याच्या गुटगुटीत लेकराला बोलावे. पहारेकरी ओळीत वाकून असा कापत चालला की जणू पाठीमागून कोणी पाळत ठेवून आहे. बाबागाडी भरली, ओतली गेली, पुन्हा भरली. चादरींची गाठोडी झाली आणि ती उचलेनात. तेव्हा काकांचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पुतणीच्या हातातली सुरी थांबली. सूर्य अजून झाडांवर टेकलेला होता. तिला वाटले, काकांनी वेळेआधीच नांगर घातला.

ट्रॅक्टर वळला तेव्हा दिसले, की मागे नांगर नव्हता, ट्रॉली होती.

“चादरी फाटतील,” काका कोणाकडेही न पाहता म्हणाले. “यात टाका.”

अंधार पडला तेव्हा ट्रॉली काठोकाठ भरली होती आणि तरीही निम्मे शेत उभे होते.

त्या रात्री तिकीटघराच्या दोन्ही खोल्या वाफेने भरून गेल्या. कोबी शिजत होता, त्याचा तो किंचित उग्र, किंचित गोड वास दारातून बाहेर रस्त्यावर पसरला होता, आणि ज्यांना रांगेत उभे राहण्याचे कारण नव्हते असे दोन-चार वाटसरूही रेंगाळले होते. अन्न शिजत असताना माणसाच्या चेहऱ्यावर जी एक मृदुता येते, ती देवालयातही सहजी दिसत नाही. अशा वेळी अध्यक्ष दारात उभा राहिला. त्याच्या काखेत एक बंद पेटी होती.

“मावशी, एक विनंती होती. लाभार्थ्यांसोबत पेटीचा एक फोटो...”

“आत काय आहे?”

“गड्डे.”

“मग उघड. चिरून टाकते.”

“उघडता येणार नाही. सोमवारी पाहुणे उघडणार आहेत.”

“मग सोमवारी ये. आता दार अडवू नकोस. रांगेत उभा राहा.”

“मी जेवायला नाही आलो.”

“दुपारी काय खाल्लंस?”

अध्यक्षाने आठवून पाहिले. दुपारी तो बोलत होता. सकाळीही बोलत होता. डबा कोणीतरी त्याच्या हाती दिला होता आणि तो त्याने बोलता बोलता बांधावर ठेवला होता. पोटात कावळे केव्हापासून ओरडत होते, पण त्यांना सभेत बोलण्याची परवानगी मिळाली नव्हती. तो मुकाट्याने पहारेकऱ्याच्या मागे उभा राहिला. पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती त्याने पायाशी घेतली आणि रांग सरकली की पायाने पुढे सरकवत राहिला. ताट हाती आल्यावर तो बाकावर बसला आणि प्रथमच काही न बोलता जेवला.

“आणखी थोडी आहे का?” त्याने विचारले.

“आहे,” चिटणीस म्हणाली. तिच्या हातात वाढण्याचा डाव होता आणि बोटाला पट्टी होती. “भूक आहे ना? मग घे.”

काका पलीकडच्या बाकावर शिंपी आजोबांशेजारी बसले होते. ट्रॉली रिकामी करून ते निघालेच होते. मावशींनी “अरे, बस” म्हटले आणि त्यांना बसावे लागले. आपल्या शेतातले पीक कोण खाते हे पाहण्याचा योग त्यांना आजवर आला नव्हता. ट्रक वळणावर दिसेनासा झाला की त्यांचे पीक या जगातून गेलेले असे. आता बाबागाडीतले मूल कोबीचा तुकडा मुठीत धरून चोखत होते, आणि काका ते पाहत होते. आजोबांनी त्यांना सांगितले की सदऱ्याचे बटण सुटायला आले आहे. काकांनी मान डोलावली.

पुतणी त्यांच्यासमोर येऊन बसली. ती किती थकली होती हे तिच्या खांद्यांवरून दिसत होते.

“काका, निम्मं शेत राहिलं.”

“बघितलं.”

“एक दिवस द्या. नुसता उद्याचा.”

“नाही.”

“काका...”

“रोपं थांबायची नाहीत, पोरी. ती काय माझी पुतणी आहेत, उपाशी ठेवली तरी वाद घालतील? उद्या नांगर म्हणजे उद्या नांगर.”

 काकांनी ताटातला शेवटचा घास घेतला, ताट उचलले आणि धुण्याच्या नळाकडे चालू लागले. दोन पावलांवर थांबले.

“मी पलीकडून सुरू करतो. कालव्याच्या बाजूने. तू इकडून कापत ये. जिथे गाठ पडेल तिथे थांबू.”

“किती वाजता?”

“दिसायला लागलं की. आणि या आजोबांना आण. ते देठ बरोबर कापतात.”

रविवारी धुके विरळ होण्यापूर्वीच ओळीच्या या टोकाला माणसे जमली. मावशींनी चूल दुसऱ्या कोणाकडे सोपवली होती. चिटणीस कालच्याच कपड्यांत आली होती. अध्यक्षही आला, त्याच्याजवळ सुरी नव्हती, म्हणून त्याला पोते धरायला दिले, आणि पोते धरताना दोन्ही हात लागत असल्यामुळे त्याला हातवारे करता येईनात, साहजिकच बोलणेही कमी झाले. त्याने एकदाच विचारले, की आजचे काम मंडळाच्या नावावर दाखवता येईल का. “पोतं वर धर,” बाबागाडीवाली आई म्हणाली, आणि तिने त्यात गड्डा टाकला.

पलीकडच्या टोकाला ट्रॅक्टर सुरू झाला. नांगर मातीत उतरला आणि पहिली ओळ उलटली. हिरवे गड्डे काळ्या मातीखाली जाताना दुरूनही दिसत होते. पुतणीने एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली वाकली. तिच्या पुढ्यात जे होते तेवढेच आता तिचे होते.

काकांचा ट्रॅक्टर त्या शेतात इतक्या संथपणे चाललेला कोणी पूर्वी पाहिला नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो थांबे. काका खाली उतरत, नांगराच्या फाळाला काही लागले आहे की काय ते वाकून बघत, काही लागलेले नसे, आणि मग ते पुन्हा सावकाश आसनावर चढत.